फवारणीचा पंप आधी तपासा, मग पाठीवर घ्या

(नभोवाणीवरील शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले भाषण)



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदशेकणी करतो. वर्षभर जू ओढून खांदा सुजला असेल, सोलला असेल, म्हणून त्याला हळद-तूप लावतो, हाताने चोळतो. ही रीत फार चांगली आहे. पण नेमक्या याच दिवसांत, कपाशी-तुरीच्या तासातून आणखी एक खांदा ओझे वाहत असतो. तो असतो फवारणी करणाऱ्या माणसाचा. सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या घरात जातो. त्यात नुसते पाणी नसते, विष असते. तो खांदा, ती पाठ आपण कधी पाहतो का? आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

कीड कोणती, औषध कोणते, हे आपण नेहमीच बोलतो. आज औषधाचे नाव सांगणार नाही. आज पंपाविषयी बोलू. कारण माझा अनुभव असा, की चांगले औषध बिघडलेल्या पंपात घातले तर पैसा वाया जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे माणूस आजारी पडतो.

यवतमाळ जिल्ह्यातील २०१७ सालचा पावसाळा आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात ठेवावे लागले, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्या वर्षी कपाशी छातीच्या वर, काही ठिकाणी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती. दाट पिकात वारा खेळत नव्हता. दोन-तीन औषधे एकत्र मिसळून फवारली जात होती. तुषार अंगावर, तोंडावर येत होता, आणि ओली पाने कपड्यांना पुसली जात होती. विष पोटातूनच जाते असे आपल्याला वाटते. तसे नाही. फवारणी करताना ते मुख्यतः कातडीतून जाते, शिवाय श्वासातून आणि डोळ्यांतूनही जाते. घामाने भिजलेल्या, खरचटलेल्या कातडीतून तर अधिकच लवकर जाते.

एक प्रसंग सांगतो. मी नोकरीला नवीन होतो. एका गावी कपाशीची पाहणी करीत असताना एक मजूर पंप घेऊन तासातून बाहेर आला. झाकणाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा कोंबलेला दिसला. मी विचारले, "हे काय?" तो म्हणाला, "वायसर गेलंय साहेब, म्हणून दाबलंय." मी त्याला पाठ फिरवायला सांगितले. सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत ओला होता. "हा घाम आहे," तो म्हणाला. पण औषधाचा वास लपत नव्हता. सकाळपासून त्याचे सात पंप झाले होते.

पंप उतरवला, अंग साबणाने धुवायला लावले. तोपर्यंत त्याला मळमळ सुरू झाली होती, डोके धरले होते, अंधुक दिसत होते. ग्रामीण रुग्णालयात नेले. औषधाची बाटली बरोबर नेली म्हणून डॉक्टरांना उपचार लवकर सुरू करता आले. चार दिवसांनी तो घरी आला. शेतमालक भला माणूस होता. तो मला म्हणाला, "पंप गळतो हे त्यानं मला सांगितलंच नाही." मी मजुराला विचारले, का नाही सांगितले? तो म्हणाला, "सांगून काय करू? पंप तेवढा एकच होता, अन् रोज बुडाला असता."

बंधूंनो, ते वायसर दहा-वीस रुपयांचे होते. दोघांपैकी कोणी वाईट नव्हते. पण ज्याच्या मालकीचा पंप होता त्याच्या पाठीवर तो नव्हता, आणि ज्याच्या पाठीवर होता त्याला बोलता येत नव्हते. म्हणून आज माझी पहिली विनंती मालकांना आहे.

कोरड्या सदऱ्याची परीक्षा

फवारणीच्या आदल्या दिवशी पंपात स्वच्छ पाणी भरा. औषध मुळीच नको. कोरडा सदरा घाला आणि पंप स्वतःच्या पाठीवर घ्या. दहा मिनिटे चाला, दाब द्या, फवारा सोडा, मधेच बंद करा. दोन-तीनदा कमरेत वाका. मग पंप उतरवून कोणाला तरी तुमची पाठ पाहायला सांगा. सदरा ओला झाला असेल तर तो पंप दुसऱ्या दिवशी शेतात जाता कामा नये. ज्या पंपाने तुमची पाठ पाण्याने भिजते, त्याच पंपाने मजुराची पाठ विषाने भिजणार. ही परीक्षा फुकट आहे आणि तिला जेमतेम अर्धा तास लागतो.

पाणी कोठून येते ते शोधायला फार अक्कल लागत नाही. गळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा झाकण. झाकणात रबरी वायसर असते, ते कडक होते, चिरते किंवा हरवते. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते व त्याला आतून रबराची पडदी असते. ती पडदी गेली की वाकताना द्रावण थेट मानेवर येते. छिद्र बुजले तर हवा आत जात नाही, टाकी आत दबते आणि दांडा जड चालतो. म्हणून छिद्र मोकळे आणि पडदी शाबूत पाहिजे. टाकी काठोकाठ कधीही भरू नये.

दुसरी जागा टाकीचा तळ, जेथून नळी निघते. तिसरी जागा नळीचे दोन्ही सांधे. तेथे तार किंवा सुतळी गुंडाळू नये. स्क्रूची पट्टी, म्हणजे क्लॅम्प, बसवावा. नळीला उन्हाने चिरा पडल्या असतील तर कापडाची पट्टी बांधून काम भागत नाही, नळीच बदलावी. चौथी जागा हातातील खटका. खटका सोडल्यावर फवारा लगेच थांबला पाहिजे. थेंब थेंब पडत राहिला तर हात, मनगट आणि पाय भिजत राहतात. खटक्यातील वायसर बदलावे. पाचवी जागा नोझलचा सांधा.

दांडा चालवून दाब येत नसेल तर दट्ट्याचे वायसर झिजले आहे किंवा झडपेत कचरा अडकला आहे असे समजावे. हंगामाच्या आधीच वायसरांचा एक संच आणि दोन नोझल जादा आणून ठेवावीत. पंपाचे पट्टेही पाहा. पट्टा मधेच तुटला तर भरलेला पंप पालथा होतो आणि सगळे अंगावर सांडते.

नोझल तोंडाने फुंकू नका

आता नोझलविषयी. तास अर्धे झाले की नोझल तुंबते. मग आपण काय करतो? नोझल काढतो, ओठांना लावतो आणि फुंकर मारतो. ही सवय आजपासून सोडा. विष सरळ तोंडात जाते. काही लोक बाभळीचा काटा किंवा तार घालतात. त्याने भोक मोठे होते, थेंब जाड पडतात, एका बाजूला धार लागते आणि औषध जास्त जाते. नोझल पाण्यात बुडवून दात घासण्याच्या मऊ ब्रशने साफ करावे. त्यासाठी वेगळा ब्रश ठेवावा, तो परत घरातल्या मोरीवर जाऊ देऊ नये. तुंबलेले नोझल शेतात साफ करीत बसण्यापेक्षा जादा नोझल खिशात ठेवून तेच बसवलेले बरे.

मुळात तुंबूच नये यासाठी पाणी गाळून भरावे. टाकीच्या तोंडाची गाळणी पुष्कळ ठिकाणी काढून फेकलेली असते. ती परत बसवा.

कीटकनाशक आणि बुरशीनाशकासाठी पोकळ शंकूसारखा फवारा देणारे नोझल वापरावे. तणनाशकासाठी पंख्यासारखा पट्टा देणारे नोझल वापरावे. शक्य असेल तर तणनाशकाचा पंपच वेगळा ठेवावा. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश पंपात राहिला आणि तोच पंप कपाशीत नेला तर पाने आखडतात, पीक हातचे जाते. कपाशी या औषधाला फार नाजूक आहे.

नोझल झिजले की नाही हे ओळखण्याची रीत सोपी आहे. साधे पाणी घेऊन, दाब सारखा ठेवून, नवीन नोझलमधून एका मिनिटात किती पाणी पडते ते मापात घ्या. मग जुन्या नोझलचे घ्या. जुन्यातून दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणी येत असेल तर ते बदलावे.

एका गुंठ्याचा हिशेब

"पंपाला किती टोपणं टाकायची?" हा प्रश्न मला रोज विचारतात. टोपण हे माप नाही. प्रत्येक बाटलीचे टोपण वेगळे असते. शिवाय प्रत्येकाची चाल वेगळी, पंप वेगळा, पिकाची उंची वेगळी. म्हणून आपला हिशेब आपणच करावा.

३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे एक गुंठा जागा, त्याच पिकात मोजून घ्या. पंपात ठराविक खुणेपर्यंत साधे पाणी भरा. नेहमीच्या चालीने तो गुंठा फवारा. मग मापाने पाणी ओतून पंप परत त्याच खुणेपर्यंत भरा. समजा, ५ लिटर पाणी लागले. एकरात ४० गुंठे, म्हणून एकराला २०० लिटर पाणी लागेल. १६ लिटरच्या पंपाने साडेबारा पंप झाले. आता लेबलावर एकरी ४०० मिली औषध सांगितले असेल तर ४०० ला साडेबाराने भागा. एका पंपाला ३२ मिली. मापाच्या पेल्याने तेवढेच घ्या. लेबलावर मात्रा हेक्टरी असेल तर अडीचने भागून ती एकरी करून घ्यावी.

पीक वाढले की हा हिशेब पुन्हा करावा. पेट्रोलचा पंप वापरणार असाल तर त्या पंपाने वेगळा करावा, कारण त्याला पाणी खूप कमी लागते. एकरी औषध तेवढेच राहते, पण पाणी कमी म्हणून द्रावण कडक होते, आणि थेंब धुक्यासारखे बारीक उडतात. म्हणून या पंपाने फवारताना अंग झाकण्यात जराही हयगय चालणार नाही. आपल्या मनाने दोन-तीन औषधे एकत्र करू नयेत. किडी लवकर मराव्यात म्हणून केलेले ते मिश्रण माणसावर काय करील, हे कोणत्याच लेबलावर लिहिलेले नसते.

बॅटरीचा आणि पेट्रोलचा पंप

बॅटरीच्या पंपाने हात दुखत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. खटका सोडला की मोटार थांबते, मात्र नळीत दाब तसाच राहतो. अशा वेळी नोझल उघडले तर पिचकारी थेट डोळ्यांत येते. म्हणून आधी बटण बंद करावे, खटका पिकाकडे धरून दाबावा, दाब उतरू द्यावा आणि मगच नोझलला हात लावावा. पंप धुताना बटण आणि चार्जिंगची जागा यांवर पाणी जाऊ देऊ नये. बॅटरी पूर्ण उतरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने ठेवू नये. हंगाम नसतानाही महिन्यातून एकदा चार्ज करावी. चार्जिंग घरातल्या खाटेखाली किंवा धान्याच्या कोठीजवळ करू नये.

पेट्रोलच्या पंपात तेल आणि पेट्रोलचे प्रमाण पुस्तिकेत दिले असेल तेवढेच घ्यावे. पेट्रोल भरताना पंप जमिनीवर ठेवावा, इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, आणि जवळ कोणी विडी ओढत नाही ना ते पाहावे. पाठीवर पंप असताना दुसऱ्याने वरून पेट्रोल ओतणे हा प्रकार अनेक ठिकाणी पाहिला आहे. तो जिवाशी खेळ आहे.

शेतात उतरताना

फवारणी सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर करावी. भर उन्हात घाम येतो, माणूस तोंडावरचे फडके काढून टाकतो. उपाशीपोटी फवारणीला जाऊ नये. अंगावर जखम असेल किंवा पूर्वी विषबाधा झालेली असेल त्याने पंप घेऊ नये. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मुले यांना फवारणीपासून दूर ठेवावे. औषध कालवायला आणि पाणी आणून द्यायलाही त्यांना लावू नये.

वारा पाहून दिशा ठरवावी. वारा पश्चिमेकडून येत असेल तर पूर्वेच्या बांधापासून सुरुवात करावी, वाऱ्याला आडवे चालावे, आणि एकेक तास पश्चिमेकडे सरकत जावे. म्हणजे तुषार फवारलेल्या बाजूला जातो आणि आपण कोरड्या पिकात राहतो. दांडी समोर धरून उजवी-डावीकडे हलवीत पुढे चालले तर आपण आपल्याच फवाऱ्यात शिरतो. दांडी वाऱ्याच्या खालच्या बाजूला धरावी. कपाशी डोक्याच्या बरोबरीने वाढली असेल तर पाठीवरचा पंप घेऊन आत शिरण्याआधी दहा वेळा विचार करावा.

पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार, गमबूट, रबरी हातमोजे, चष्मा आणि तोंडाला मास्क हवा. विजार बुटाच्या बाहेरून सोडावी, आत खोचू नये, नाहीतर ओघळ बुटात जमतो. उंच पिकात हात वर राहतात, तेव्हा सदऱ्याची बाही मोज्याच्या आत घालावी. पंप आणि पाठ यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा जाड कागद बांधावा. ज्या रुमालाने औषधाचा हात पुसला त्यानेच कपाळाचा घाम पुसू नये. औषध कालवताना तर मोजे हवेतच, कारण तेव्हा ते पाणी न मिसळलेले, सर्वांत कडक असते. हाताने न ढवळता काठीने ढवळावे. हे सामान देणे मालकाचे काम आहे. मजुरीतून त्याचे पैसे कापू नयेत.

डब्यावरील त्रिकोण पाहण्याची सवय लावा. लाल त्रिकोण सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी असे मात्र समजू नये.

काम संपल्यावर

डबा रिकामा झाला की तीन वेळा पाण्याने विसळून ते पाणी पंपातच ओतावे. मग डब्याला भोके पाडावीत. त्यात तेल, दूध, पाणी काहीही भरू नये. पंप तीन वेळा धुवावा, धुताना नळी आणि नोझलमधूनही पाणी काढावे. ते पाणी त्याच शेतात फवारून टाकावे. विहीर, नाला, गुरांचे टाके यांच्या जवळ पंप धुवू नये. धुतलेला पंप उलटा करून सावलीत ठेवावा. अंगावरचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. साबणाने आंघोळ केल्याशिवाय चहा-तंबाखूला हात लावू नये. पाने पूर्ण वाळेपर्यंत, आणि लेबलावर जास्त मुदत असेल तर तेवढी, त्या शेतात कोणी जाऊ नये.

विषबाधा झाल्यास

डोके दुखणे, मळमळ, उलटी, खूप घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे, बाहुल्या बारीक होणे, हातपाय थरथरणे, यांपैकी काहीही दिसले तर "उन्हानं झालं असेल" म्हणून झाडाखाली निजवून ठेवू नका. पंप उतरवा, शेताबाहेर आणा, भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा. हे करणाऱ्याने स्वतः मोजे घालावेत. डोळ्यांत गेले असेल तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. दूध, तूप, चिंचेचे पाणी पाजू नका. आपण होऊन उलटी करवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर निजवा. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील लेबल बरोबर न्यायला विसरू नका. औषधाच्या गटाप्रमाणे उपचार वेगळा असतो. डॉक्टरांना नाव कळले तर वेळ वाचतो, आणि अशा प्रसंगी वेळ म्हणजेच जीव.

बंधू-भगिनींनो, मजुरीने फवारणी करणाऱ्यांनाही माझे दोन शब्द. पंप गळत असेल तर सांगा. एक रोज बुडाला तर तो पुन्हा मिळेल. आणि मालकांनो, त्याला सांगावे लागेल अशी वेळच येऊ देऊ नका. या आठवड्यात फवारणी धरली असेल तर आज संध्याकाळीच पंप काढा, पाणी भरा, कोरडा सदरा घाला आणि दहा मिनिटे आपल्या अंगणात फिरून या. बैलाचा खांदा आपण हाताने चाचपून पाहतो. माणसाची पाठही तशीच पाहायला हवी.

लक्षात ठेवा

१. पंप आधी साध्या पाण्याने, स्वतःच्या पाठीवर तपासा.
२. वायसर, नोझल आणि क्लॅम्प जादा ठेवा. तार, सुतळी, पिशवी यांनी गळती झाकू नका.
३. नोझल तोंडाने फुंकू नका, काट्याने टोकरू नका.
४. टोपणाने नव्हे, एका गुंठ्याचा हिशेब करून मापाने औषध घ्या.
५. नोझल उघडण्यापूर्वी बटण बंद करून दाब उतरवा.
६. त्रास होताच अंग धुवा, १०८ ला कळवा, औषधाचा डबा बरोबर न्या.